आण्णांची चप्पल

भूतंखेतं, देवऋषी... असल्या गोष्टींना मी आजवर हसतच आलोय. वाळूजला कंपनीत क्वालिटी चेकिंगला आहे, मोजता येतं तेवढंच खरं मानायची सवय. तरी हे लिहितोय. हसायचं तर हसा.

मागच्या हिवाळ्यात आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, न्यूमोनिया झाला. पैठणहून अँब्युलन्सनं शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका दवाखान्यात आणलं, ते थेट व्हेंटिलेटरवर. बेशुद्धच. रोज दुपारी डॉक्टर बाहेर येऊन सांगायचे, "क्रिटिकल आहेत, पण स्टेबल." आता याचा अर्थ काय लावायचा? विहिरीत पडलाय पण अजून बुडाला नाही, असंच ना? चान्सेस विचारले तर म्हणायचे, वाट बघा.

आमच्याकडं असलं काही झालं की घरच्या बाईमाणसाला कुणी खरं सांगत नाय. माय पैठणला, बीपीची पेशंट. तिला मी खालच्या चहाच्या टपरीवरून फोन करायचो आणि खुशाल थापा मारायचो. आज पेज घेतली, आज नर्सवर खेकसले. माय "बरं" म्हणायची, जास्त विचारायची नाही.

एका दुपारी डॉक्टरांचं वाक्य बदललं. "औषधांना साथ देत नाहीयेत. कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." मायला निघून ये म्हणायला फोन लावला, आणि तोंडातून भलतंच निघालं — "लई हट्ट करायलेत. घरी जायचं म्हणून चप्पल मागायलेत. मी दिली नाय, लपवून ठेवली."

माय म्हणाली, "देऊ नको."

फोन ठेवून मी टपरीवरच ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवसापासून आण्णा सुधरायला लागले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. नळी काढल्यावर घोगऱ्या आवाजात ते पहिलं काय बोलले असतील? "चप्पल दिली असतीस तर गेलो असतो मी. ते लोक दारात थांबले होते."

कोण लोक, विचारलं तर तोंड फिरवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, बेशुद्धीतही पेशंटला आसपासचं ऐकू येतं. अहो, पण मी टपरीवर बोललो होतो! आण्णा वरच्या मजल्यावर, काचेच्या दाराआड.

घरी आणल्यावर आण्णांनी अंगणात जायला चप्पल मागितली. मायनं लोखंडी पेटीचं कुलूप काढलं, गोधडीखालून जोड बाहेर काढला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आण्णांना तर आम्ही अनवाणीच उचलून नेलं होतं. चप्पल सगळे दिवस घरातच होती, म्हणजे मायला माझी थाप तेव्हाच कळली होती.

"मग पेटीत कशाला ठेवलीस?" मी विचारलं.

"मी खाटंखाली ठेवली होती रे," ती हळूच म्हणाली. "तुझा फोन आला तव्हा उंबऱ्यापाशी दिसली. टाचा घराकडं, बोटं बाहेर. मी उचलली अन् कुलूप लावलं."

घरात तेव्हा तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आण्णा आता ठणठणीत आहेत, रोज नदीकडं फिरून येतात. आले की माय चप्पल पुन्हा पेटीत ठेवते, आणि मी कुलूप लागलं का ते ओढून बघतो.