डॉक्टरीणबाईंचं एकच वाक्य

टेंभुर्णीच्या दैवशालाने मालिकेत चार वर्षं डॉक्टरचं काम केलं. काम म्हणजे काय, तर ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा आणि म्हणायचं, "आता सगळं देवाच्या हातात आहे." एवढ्यावर गावाने तिचा सत्कार केला. राजूरच्या गणपतीला आली की बाया दर्शनाची रांग सोडून तिला शुगरचे रिपोर्ट दाखवायच्या. मला यातलं काही कळत नाही, असं ती सांगायची, तर लोक म्हणायचे, किती साधी आहे बघा.

पुढे मालिकावाल्यांनी डॉक्टरला अपघातात मारून टाकलं. गावाकडून सांत्वनाचे फोन आले, तेव्हा दैवशालाला ते कळलं. ती परत आली, जालन्यात दोन वर्षं खरंखुरं शिकली, पास झाली आणि गावात रक्त तपासायची लॅब टाकली. आता तिला रिपोर्टातलं सगळं कळत होतं, म्हणून गावाचा विश्वास उडाला.

"नटीला काय कळतंय रक्तातलं?" रक्त तपासायला येऊन समोर बसलेले कडूबा म्हणाले. सत्काराचा नारळ यांनीच दिला होता. तिने भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं, नवी सुई दाखवली. कडूबांची बाही काही वर सरकेना.

शेवटी दैवशालाचं डोकं सटकलं. तिने चष्मा काढला, छताकडे पाहिलं आणि जड आवाजात म्हणाली, "आता सगळं देवाच्या हातात आहे."

कडूबांनी मुकाट्याने बाही वर केली.

"मंग आधीच बोलायचं ना, पोरी," ते म्हणाले. "मला वाटून राह्यलं होतं, तुला काही येतच न्हाई."