साठ पीएसआय, साठ किलो

चाकूरच्या स्टँडवर अप्पा मला सोडायला आले, तेव्हा गावात टँकर आला होता. आई घागरी घेऊन रांगेत उभी होती, म्हणून तिचा निरोप घ्यायचा राहूनच गेला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. आता हापिसं येतील, कारखाने येतील, असं जो तो सांगायचा. पण आमच्या किराणा दुकानात उन्हाळाभर गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. अप्पा एवढंच म्हणाले, "बसू, पाऊसपाणी झालं की ये माघारी."

माझ्याबरोबर नायगावचा मारोती होता. लातूरच्या आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो. वापीला एका रसायनाच्या कारखान्यात दोघंही लागलो. काम गेजचं, म्हणजे दाब दाखवणाऱ्या घड्याळांचं. ती काढायची, तपासायची, परत बसवायची. जुन्या विलायती यंत्रांवर दाब पीएसआयमध्ये, म्हणजे चौरस इंचाला किती पाउंड; जर्मन यंत्रांवर बारमध्ये; देशी गेजवर किलोत, म्हणजे चौरस सेंटिमीटरला किती किलो. बार आणि किलो जवळपास सारखेच; घोळ व्हायचा तो पीएसआयचा. खोलीवर पोळ्या लाटता लाटता मारोती माझ्याकडून हिशोब घोकून घ्यायचा. माझं चुकलं की हसायचा. "न्हाई रे बसू. साठ पीएसआय म्हंजे सव्वाचार किलो. किती येळा सांगू तुला?"

गावाकडं अजून पाऊस नव्हता, तेव्हाच एका दुपारी दुरुस्त केलेली एक टाकी नायट्रोजन भरून तपासायची होती. साहेबांनी फोनवर सांगितलं, "साठपर्यंत चढवा." त्यांच्या मनात पीएसआय होतं. सिलिंडरपाशी ठेकेदाराचा नवा माणूस होता, आणि त्याच्या पुढ्यातलं गेज किलोचं. मारोती पलीकडच्या बाजूला जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघत होता. त्याला गेज दिसत नव्हतं. काटा साठला पोचायच्या कितीतरी आधीच टाकीची, आत बघायची काच मारोतीच्या तोंडापुढं फुटली. मी दुसऱ्या शेडमध्ये होतो. धावत आलो, त्याला गाडीत घातलं. दवाखाना यायच्या आत तो गेला.

त्याला नायगावला मीच घेऊन गेलो. सगळं आटोपल्यावर त्याच्या वडलांनी मला जवळ बसवून विचारलं, "कशानं गेला माझा लेक?" मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "साहेबानं साठ म्हणलं. साठबी झालं नव्हतं. मग चुकलं कोण?"

मारोतीच्या मायनं मला आंघोळीला बादलीभर पाणी काढून दिलं. त्या साली नायगावात बादलीभर पाणी म्हणजे काय, हे तुम्हा गावी राहिलेल्यांना सांगायला नको. ते अंगावर घेताना मी पहिल्यांदा रडलो.

पुढं पाऊस झाला, पण मी माघारी गेलो नाही. वापीतच लग्न, मुलं. पोरगी गुजरातीत भांडते. अप्पा गेले, आई गेली, दुकानाच्या जागी आता दुसऱ्याचं मोबाईलचं दुकान आहे. कारखान्यात कुणी नुसता आकडा सांगितला, तर मी अजून विचारतो, "साठ काय?" नवी पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

दिवाळीला गावी निघतो, तो नायगावला उतरतो. तुमच्यातले जे बाहेर पडलेत, त्यांना हे कळेल. मारोतीच्या मायला आता नीट दिसत नाही. चेहरा चाचपून ओळखते. मागच्या खेपेला तिनं विचारलं, "तुझ्या गावाला कवा जाणार हाईस?"

"आलोच की, माय."

ती चाचपत चुलीकडं वळली. मग म्हणाली, "बस तर. भाकर टाकते."