जित्या बायांचे फोटो

"झाली फोटो!" म्हणून भाभी कॅमेरा खाली घ्यायच्या. समोरची बाई 'सुटले बापा एकदाची' म्हणून खांदे सोडायची, पदर झटकायची, कडेवरच्या लेकराचं नाक पुसायला लागायची आणि तेवढ्यात भाभी खटकन बटण दाबायच्या. खरा फोटो तो. आधीचा नुसता फसवायचा.

ब्रह्मपुरीत माझं शिवणाचं दुकान त्यांच्या फोटो स्टुडिओला लागून होतं. त्यांचे मिया लग्नांच्या ऑर्डरी घेऊन गावोगाव फिरायचे आणि दुकानात भाभी पासपोर्ट साइज काढत बसायच्या. तुम्हीही अशा दुकानातल्या स्टुलावर बसून आला असाल. मान सरळ करा, कान दिसू द्या, हसू नका. गिऱ्हाईक गेलं की भाभी माझ्या दारात येऊन म्हणायच्या, "टेलरबाई, साऱ्या गावाले मी एकच तोंड बनवून देऊन राह्यली. चोराचं!"

तान्ह्या लेकराचा फोटो असला की मोठी गंमत. लेकरू तर धड बसत नाही. मग आईनं पांढऱ्या चादरीआड लपायचं, हात तेवढे बाहेर काढून बाळाची मान धरायची. फोटो निघाला की भाभी ते हात कॉम्प्युटरवर पुसून टाकायच्या. एक दिवस मी ब्लाउजची बटणं लावत त्यांच्याकडेच बसले होते. हात पुसता पुसता भाभी थांबल्या.

"पहा ना वो. लेकराले हिनंच धरलं, अन् हिलेच मिटवून राह्यली मी."

"सरकारला आईचे हात नको असतील," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, जिथे नको तिथे चालते.

"सरकारले नाई तं नाई. मले पायजेत."

झालं! तिथून बाईच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. रविवारी दुकान बंद केलं की भाभी काळीपिवळी जीपमध्ये कोंबून बसायच्या आणि खेड्यात जायच्या. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधावर झोळीत निजलेलं पोर आणि चिखलाच्या हातांनी त्याच्यावरची माशी हाकणारी आई. अंगणात मोहफुलं वाळत घालताना पाठीवर चढलेलं कार्टं. उन्हात पाय पसरून पोरीच्या उवा काढणारी बाई, तीही तोंडानं सारखी शिव्या देत. देव शप्पथ, त्या फोटोतल्या शिव्या ऐकू येतात.

बायांना आधी हे बिलकुल पसंत नव्हतं. फोटो म्हटलं की त्या लुगडं बदलायला घरात पळायच्या. "असल्या अवतारात काऊन काढता वो भाभी?" म्हणून भांडायच्या. मीही चिडवायची, "उवा काढायचा फोटो कोणी फ्रेम करतं का?"

"मी करतो ना," भाभी म्हणायच्या. त्यांनी खरंच फ्रेमा केल्या.

त्यातला एक फोटो मात्र पाहून मी चिडवणं सोडलं. आमच्या भागात वाघाची दहशत तुम्हाला माहीतच आहे. जंगलातल्या वाटेनं शाळेत जाणाऱ्या लेकरांना पोचवायला आया घोळक्यानं निघतात. अशाच एका वाटेवर शालू नावाची तरणी सून, एका हातात पोराचं दप्तर, दुसऱ्या हातात जर्मनची थाळी. वाघ पळवायला वाजवून वाजवून थाळी वाकडी झालेली. पोरगा आईचा पदर धरून चालतोय आणि ही मागे वळून झुडपाकडे अशी पाहते आहे, की वाघानंच वाट बदलावी.

मग भाभींच्या लेकीला दिवस गेले. ती चामोर्शीला दिलेली, सासरी करणारं कोणी नाही. भाभींनी आणि मियांनी दुकान मोडून तिकडेच जायचं ठरवलं. जायच्या आधी भाभींना एकच करायचं होतं. हे सगळे फोटो बाजाराच्या दिवशी लोकांसमोर लावायचे, त्या बायांनी पाहायचे.

"त्याइले आवडले तं ठीक. नाई तं टेलरबाई, जिंदगीभर मी पासपोर्टच काढले असं होईन," त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

बाजाराशेजारच्या समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही पांढरं कापड अंथरलं. त्यावर फ्रेमा ओळीनं मांडल्या. शुभ काम म्हणून उदबत्ती लावली. आता तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. पांढरं कापड, उदबत्ती आणि ओळीनं नवऱ्याविना बायांचे मोठे फोटो! आमच्याकडे नवराबायकोचा जोडीनं काढलेला फोटो भिंतीवर चालतो. पण जोडीशिवाय बाईचा मोठा फोटो फ्रेममध्ये लागला म्हणजे ती बाई गेली. हे आम्हा दोघी शहाण्यांच्या ध्यानातच आलं नाही.

पहिला आला तो एक म्हातारा. त्यानं चपला काढल्या, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "येवढ्या बाया नेल्या काय वो वाघानं?"

मला हसू फुटलं. पण मी तोंड उघडेपर्यंत मागच्यांनी ते ऐकलं आणि बातमी कांद्यालसणाच्या दुकानांमधून पार तिकडच्या टोकाला गेली. लोक चपला काढून ओट्यावर यायला लागले. कोणी हळहळत होतं, कोणी वनखात्याला शिव्या देत होतं. भाभी एकेकाला सांगत होत्या, "अहो, जित्या आहेत! घरी आहेत साऱ्या!" कोण ऐकतो? फुलवालीनं शालूच्या फोटोला झेंडूचा हार घातला. लेकराचा हात सुटला बिचारीचा, म्हणाली.

आणि तेवढ्यात गर्दी फाडत शालूची सासू आली. ती तुरीची डाळ घ्यायला बाजारात आली होती. सुनेच्या फोटोवर हार पाहून तिनं जी बोंब ठोकली ती अजून माझ्या कानात आहे.

"अवो माझे माय! सकाळी तं माझ्यासंग आली होती वो! कोनं नेलं माझ्या पोरीले?"

पोरीले म्हणाली, सुनेले नाही. आम्ही समजवायला गेलो तर ऐकेना, फोटो छातीशी धरून खालीच बसली. भाभींचा चेहरा पांढराफटक पडला. आसपासचे दोघंतिघं ओरडायला लागले, "अपशकुन हाये हा! आमच्या घरचीचाही हटवा!" भाभी "माफ करा, माफ करा" म्हणत एकेक फ्रेम पालथी घालायला लागल्या. इतक्या वर्षांची मेहनत त्या स्वतःच्या हातानं पालथी घालत होत्या. मला रडू आवरेना.

वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन शालू आली. "आई, काऊन रडून राह्यल्या वो?"

सासूनं वर पाहिलं. उठली आणि सुनेच्या पाठीत असा धपका घातला, की दोन वांगी खाली पडली. "कुठी मेली होतीस वो, भवाने!" आणि गळ्यात पडून जी रडली! शालू टोपली सांभाळत तशीच उभी. ही बाई आपल्यासाठी रडेल हे तिला कुठे माहीत होतं? मग तीही रडायला लागली.

डोळे पुसून तिनं फोटोवरचा हार काढला आणि फुलवालीला परत दिला. "राहू द्या वो भाभी फोटो. लोकाइले मी मेली वाटते ना? मंग इथीच उभी राहतो मी, फोटोपाशी."

आणि राहिली. पालथ्या फ्रेमा तिनंच सुलट्या केल्या. वांगी तिथेच विकली. येणाऱ्याला सांगत होती, "हे मीच होय. वाघ नाई भेटला अजून, भेटला तं त्याची खैर नाई." ते ऐकून उवावाली आली, पोरीला धरून. मोहफुलंवाली आली. दुसऱ्या दोघींचे फोटो ओरडणाऱ्या घरच्यांनी नेले ते नेलेच, पण बाकीच्या उन्हं कलेपर्यंत आपापल्या फोटोशेजारी उभ्या होत्या, हसत, एकमेकींची थट्टा करत. भाभी ओट्याच्या कोपऱ्यात बसून नुसत्या पाहत होत्या. कॅमेरा गळ्यात होता, पण हात लावला नाही.

शालूचा फोटो सासूनं बगलेत मारला. "घरी नेतो मी. पन भिंतीले नाई लावाची. भिंतीले मेलेले ऱ्हातेत."

भाभी चामोर्शीला गेल्या. त्यांच्या दुकानात आता ऑनलाइन फॉर्म भरून देणारा बसतो, चांगला आहे, पण त्याच्याशी भांडायला मजा येत नाही. भाभींची आठवण येते तेव्हा करमत नाही, सरळ सांगते.

मागच्या महिन्यात लग्नाचे ब्लाउज द्यायला शालूच्या गावी गेले होते. फोटो स्वयंपाकघरातल्या मांडणीवर आहे, तिखटाच्या आणि चहापत्तीच्या डब्यांच्या मधे. काचेवर पिठाची बोटं. गावात आणखी दोनतीन घरीही तसाच, मांडणीवर. मला राहवेना. मी तिथूनच भाभींना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर भाभी आल्या, मांडीवर नातू, केस पार पांढरे झालेले. मी फोन फोटोसमोर धरला. "पहा भाभी, कुठे ठेवलाय!"

मागे चुलीपाशी भाजीतल्या मिठावरून सासूसुनेची चांगलीच जुंपली होती.

भाभींनी फोटोकडे पाहिलं न पाहिलं. "फोटो राहू द्या वो टेलरबाई," त्या म्हणाल्या, "त्या भांडून राह्यल्या ना? फोन तिकडं फिरवा."