चुन्याची निवळी आणि मिठाचे खडे

टाकी पांढरी झाली होती. पातळ ताकासारखी. मासे दिसत नव्हते, प्रवाळ दिसत नव्हते, मागची निळी काचही दिसत नव्हती. टाकीसमोर कंपाउंडर शेषराव उभा होता आणि त्याच्या हातात पानाच्या चुन्याची रिकामी पुडी होती.

"काय टाकलंस रे?" मी विचारलं.

"चुना. काल साहेबच म्हनले ना, कॅल्शियम कमी पडून राहिलं म्हनून."

"साहेब निवळी म्हनले. थेंब थेंब."

"निवळी म्हंजे चुनाच की, मावशी. तीस वर्षं पान खाऊन राहिलो, मला चुना शिकवू नका."

चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी उरतं. ती निवळी. ती टाकीत थेंबाथेंबानं सोडायची असते. शेषरावानं गाळासकट सगळं एकदम ओतलं होतं. मदत करायला गेला होता. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि हात खांद्यापर्यंत टाकीत घातला. पाणी बोटांना साबणासारखं बुळबुळीत लागलं.

ही टाकी हिंगोलीत लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे होती, पेशंट बसतात त्या खोलीत. नव्वदीची शेवटची वर्षं असतील. सुई टोचून घ्यायला आलेलं लेकरू टाकीपुढं उभं केलं की रडायचं थांबायचं, म्हणून साहेबांनी ती ठेवली होती. दोनशे लिटरची, समुद्राच्या पाण्याची. मी तिथं झाडू-पोछ्याला लागले होते. टाकी पुसता पुसता टाकीचं सगळंच माझ्याकडं आलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मोजता येतं, लिहिता येतं, या कामाला तेवढं पुरलं.

हिंगोलीत समुद्र कुठून आणणार? तर मीठ आणायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रात जे जे विरघळलेलं असतं ते सगळं बेतानं मिसळून कंपन्या कोरडं मीठ तयार करतात. बॅटरीत घालतात तसलं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात ते मीठ कालवायचं, की समुद्र तयार. त्या मिठात कॅल्शियम असतं. प्रवाळ म्हणजे दगडाच्या घरात राहणारा बारीक जीव. तो पाण्यातलं कॅल्शियम घेऊन आपलं घर बांधतो. गोगलगाय शंख बांधते तीही त्याच्यावरच. कॅल्शियम कमी पडलं तर वाढ थांबते, मग कडा झिजतात, मग जीव जातो.

साहेबांचे मेहुणे जहाजावर होते. मीठ आणि प्रवाळ दोन्ही तेच आणून देत. त्या वर्षी त्यांनी जहाज सोडलं. मिठाची दोन पोती देऊन गेले आणि म्हणाले, आता नवीन जनावर मिळायचं नाही, आहे ते सांभाळा. म्हणजे त्या टाकीतलं जे मरेल ते कायमचं जाणार होतं. साहेबांनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "मावशी, प्रवाळ गेले तर टाकी काढून टाकू. नुसते दोन मासे ठेवण्यात अर्थ नाही." टाकी गेली असती तर मी परत झाडूवर. ते मला नको होतं. टाकीचं काम मला येत होतं आणि ते मी सोडणार नव्हते.

तर त्या सकाळी.

आठवड्याचं पाणी बदलायला वीस लिटर खारं पाणी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं. ते दोन बादल्यांत ओतलं आणि दोन्हींत हवेच्या नळ्या सोडल्या. मग दिसत काहीच नव्हतं तरी हातानं चाचपून एकेक जीव काढला. आधी हिरवा मेंदू. मेंदूसारख्या वळ्या असतात म्हणून त्या प्रवाळाला ते नाव. मग बोटांसारखा एक फांद्यांचा प्रवाळ, मग दोन लहान गोल, मग कोळंबी. दोन केशरी मासे पाणी निम्मं उपसल्यावर जाळीत आले. तीन गोगलगायी काचेवरून सुटून तळाशी पडल्या होत्या.

साहेब आले. टाकी बघितली, शेषरावाकडं बघितलं.

"शेषराव, पेशंटला डोस विचारून देता ना?"

"व्हय साहेब."

"मग टाकीचाच डोस काहून नाही विचारला?"

शेषराव पुडी खिशात घालून बाहेर गेला. ओपीडी भरत होती. साहेब म्हणाले, "मावशी, मला पन्नास लेकरं बघायचीत. तुमच्यानं होईल का?"

"तुमी लेकरं बघा."

शुद्ध पाण्याचे चार कॅन शिल्लक होते. ऐंशी लिटर. नांदेडहून पुढची गाडी दोन दिवसांनी. म्हणजे जे करायचं ते या ऐंशी लिटरांत. चुकलं तर दुसरी संधी नव्हती. मी मिठाचं नवं पोतं फोडलं, नेहमीसारखं चाळलं, मोजून ड्रममध्ये ओतलेल्या शुद्ध पाण्यात घातलं आणि काठीनं ढवळत बसले.

ढवळताना डोक्यात एकच चाललं होतं. कॅल्शियम कमी झालंच काहून? तीन महिने मी दर सोमवारी टाकीचं पाणी तपासत होते. तपासणी सोपी असते. छोट्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात पूड टाकायची, पाणी गुलाबी होतं. मग बाटलीतल्या औषधाचे थेंब मोजत टाकायचे, निळं होईपर्यंत. एका थेंबाला वीस. एकवीस थेंब लागले म्हणजे चारशे वीस, ते बरोबर. आमचं एकवीसवरून अठरा झालं, मग सोळा, मग चौदा. साहेब म्हणायचे प्रवाळ खाऊन राहिले. पण प्रवाळ तर वाढत नव्हते. मग खाल्लेलं गेलं कुठं?

मीठ पूर्ण विरघळल्यावर मी ड्रममधल्या ताज्या पाण्याची नळी भरली. असं मी आधी कधी केलं नव्हतं. नवीन पाणी बरोबरच असणार असं धरून चालले होते.

तेराव्या थेंबाला निळं झालं.

पुन्हा केलं. तेराच. मी नळी घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. एक पोरगं टेबलावर पालथं होतं.

"साहेब, नव्या पाण्यातच कॅल्शियम न्हाई."

"म्हणजे मीठच खोटं. मेहुण्याला फोन करतो. कुठून उचललं हे मीठ?"

"दोन्ही पोती खोटी कशी निघतील? दम धरा जरा."

मी मोरीकडं गेले. चाळणी तिथंच पडलेली होती, त्यात सकाळचे खडे. आता हे सांगते, कारण चूक माझी होती. आमच्याकडं मीठ, डाळ, पीठ, काहीही असो, निवडल्या-चाळल्याशिवाय भांड्यात जात नाही. बाजारच्या मिठात माती असते, खडे असतात. त्यामुळं समुद्राचं मीठही मी पहिल्या दिवसापासून चाळत आले. जुन्या पोत्यांना खडे नसत. ही दोन पोती पावसाळ्यात आली होती, त्यांना दमट हवा लागली होती आणि आत ओलसर खडे धरले होते. ते मी दर वेळी मोरीपाशी फेकत होते. साहेबांच्या बायकोनं, मॅडमनी, कौतुकही केलं होतं, की मावशींचं काम स्वच्छ.

मोरीजवळची ती जागा दुपारच्या उन्हातही ओली असायची. मला वाटे नळ गळतो. वाकून नळाखाली हात धरला, तर नळ कोरडा. खडेच हवेतलं पाणी ओढून पाझरत होते. एक खडा जिभेला लावला. आधी खारट, मग कडू. साधं मीठ कडू लागत नाही.

एक खडा शुद्ध पाण्यात विरघळवला आणि थेंब टाकायला लागले. वीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. पाणी गुलाबीच. मग थांबले, औषध वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

साहेब हात पुसत बाहेर आले. मी चाळणी पुढं केली.

"कॅल्शियम हे बघा."

त्यांनी चाळणीत बघितलं, मग माझ्याकडं. "मावशी, तुमी तीन महिने कॅल्शियम चाळून फेकून राहिल्या?"

"व्हय."

"मला विचारायचं तरी."

"मीठ चाळू का, हे बी इचारायचं असतंय का? तुमच्या घरी कोन इचारतं?"

साहेब हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले. "मीच सांगायला पाहिजे होतं. कॅल्शियम असलेला क्षार सगळ्यात आधी ओल धरतो. खडे त्याचेच."

मग मी सकाळचे सगळे खडे ड्रममध्ये टाकले आणि पाणी नितळ होईपर्यंत ढवळलं. अर्ध्या तासानं तपासलं. विसाव्या थेंबाला निळं.

टाकीतलं सगळं पांढरं पाणी उपसून काढलं. वाळू काढली, दगड खाऱ्या पाण्यात विसळले, काच पुसली. शेषराव न सांगता आला आणि ड्रममधलं पाणी कॅननं टाकीत ओतू लागला. ऐंशी लिटरांत टाकी निम्म्यालाही आली नाही. पंप बुडेल तेवढं पाणी झालं, तेवढ्यावर चालवली. बादल्यांतले जीव एकेक करून आत सोडले, मध्ये थोडं थोडं नवं पाणी पाजत, म्हणजे त्यांना एकदम धक्का बसू नये. संध्याकाळची ओपीडी सुरू झाली तेव्हा लेकरं अर्धी टाकी बघत उभी होती. एकानं विचारलं, "मावशी, समुद्र आटला का?"

पुढं मी पोतं फोडलं की ते पूर्ण वापरत असे, खड्यांसकट. आणि टाकीच्या आधी ड्रमचं पाणी तपासत असे. बिघाड शेवटी टाकीत दिसतो म्हणून टाकीतच शोधत बसलं की तीन महिने जातात.

तिन्ही गोगलगायी त्याच दिवशी मेल्या. फांद्यांचा प्रवाळ पाचव्या दिवशी पांढरा पडला आणि गेला. एक लहान गोल प्रवाळ महिनाभरानं गेला. दुसरा गोल, हिरवा मेंदू, कोळंबी आणि दोन्ही मासे जगले.