वहिनींना दिसलेला हिरवा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. आणि ज्या वहिनींना सांगायला हवं होतं, त्यांच्यासमोर मी अजूनही दर दिवाळीला बसून चकल्या खातो — चवीने खातो, मागून घेतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातही भित्रेपणानेच झाली.

मला हिरवा आणि पिवळा नीट ओळखता येत नाहीत. जन्मापासून. यात माझा दोष काय? काहीच नाही. दोष पुढे आहे. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो ते प्रॅक्टिकलला शेजारच्याची रीडिंग उतरवून, आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटलो ते कुणी डोळे तपासले नाहीत म्हणून. रंग बघायची वेळ आली की हाताखालच्याला विचारायचो, "तुला काय वाटतं?" त्याला वाटायचं, साहेब शिकवतायत. लोक हुशार म्हणायचे, मी ऐकून घ्यायचो.

नव्वदच्या आसपास दादा दुबईहून कायमचा परत आला आणि कोपर गावातल्या आपल्या ब्लॉकमध्ये त्याने खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. गोड्या पाण्यातले मासे पुष्कळांकडे होते, समुद्राचे मासे आमच्या ओळखीत फक्त त्याच्याकडे. पाणी एक ओळखीचा कोळी कॅन भरून आणून द्यायचा. हौस दादाची, पण जीव लावला तो वहिनींनी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं, आणि सकाळी उठल्यावर त्या आधी टाकीपाशी जायच्या. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक मासा त्यांचं बोट बघून काचेजवळ यायचा. तसं त्या सगळ्यांना सांगायच्या.

पाणी तपासायचा संच दादाने तिकडूनच आणला होता. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब सोडायचे आणि आलेला रंग कार्डाशी जुळवायचा. पिवळा म्हणजे पाणी ठीक. हिरवा म्हणजे माशांच्या घाणीचं विष साठलंय, ताबडतोब पाणी बदला. पिवळा आणि हिरवा — नशीब बघा माझं! तपासणार अर्थात मी. घरात केमिस्ट असताना दुसरं कोण? दर रविवारी नळी उजेडात धरायचो, भुवया आक्रसायचो आणि 'ठीक आहे' म्हणायचो. मासे थोडे होते, तोवर माझं खोटं खपून गेलं. मग दादाने आणखी मासे आणून सोडले.

त्या रविवारी वहिनी शेजारीच उभ्या होत्या. "भाऊजी, हिरवट नाही का दिसत?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आज शिसारी येते. म्हणालो, ट्यूबलाइटच्या उजेडात तसं वाटतं. दादा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "अगं, तो लॅबमध्ये रोज हेच करतो. तुला काय कळतंय?" वहिनींनी कार्ड परत डब्यात ठेवलं.

पण मन खात होतं. नळीला बूच लावून खिशात टाकली आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात कँटीनवाल्याला दाखवली. "हिरवं पाणी कसलं आणलंत साहेब?" तो म्हणाला. ठेवून ठेवून रंग गडद झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. टेबलावर फोन होता, दादाच्या शेजाऱ्यांचा नंबर पाठ होता. मासे तेव्हा जिवंत होते — हे नीट ऐका, जिवंत होते. फोन करून काय सांगावं लागलं असतं? इतकंच, की मला रंग दिसत नाहीत. मी चहा प्यालो. आणखी एक मागवला.

संध्याकाळी गेलो तर सगळे मासे उलटे तरंगत होते. दादा भडकलेला. "तू तर म्हणालास पाणी ठीक आहे?" निदान तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. उघडलं, पण कशासाठी? वहिनींकडे वळलो आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "वहिनी, आज झुरळांवर काही मारलंत का?"

मारलं होतं. स्वयंपाकघरात, दार लावून. मला घरात शिरतानाच त्या फवाऱ्याचा वास आला होता, म्हणून तर विचारलं.

दादा त्यांना काय काय बोलला ते सांगवत नाही. त्या रडत टाकी उपसत होत्या आणि बादली मी धरली होती. हिरव्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासच उडाला असावा. पुढे मुलगी झाली, तर तिला अंघोळ घालायला त्या शेजारणीला बोलवायच्या. "माझ्या हाती जीव टिकत नाही," म्हणायच्या. घरात साधा पोपट येऊ दिला नाही. सगळे हसायचे. मीही हसायचो.

गेल्या दिवाळीला तो विषय पुन्हा निघाला. वहिनी माझ्या ताटलीत चकली ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दर रविवारी येऊन एवढं तपासायचात, आणि मी एका फवाऱ्याने सगळं घालवलं. पण तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत मला."

मी चकली मोडली. म्हणालो, "जाऊ द्या वहिनी. मी कधीच मनात ठेवलं नाही."