कच्च्या रोडग्यांची निवडणूक

गोवऱ्यांवर भाजल्या जाणाऱ्या कणकेचा वास आला की मला माझा पराभव आठवतो. अमरावतीबाहेरच्या आमच्या लेआऊटच्या समितीचा अध्यक्ष व्हायला मी रोडग्यांचं जेवण ठेवलं, आणि बोलावलं फक्त पुढच्या तीन गल्ल्यांना, म्हणजे अंजनगाव-परतवाड्याकडून आलेल्या आपल्या माणसांना. मागच्या गल्लीत आमची घरं बांधायला बिहारहून आलेले आणि पुढे तिथंच प्लॉट घेऊन राहिलेले मिस्त्री होते. ते मला मतदार वाटलेच नाहीत. रोडगे मीच भाजीन हा हट्टही माझाच. वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक, असा पहिला घाणा मी मोठ्या ऐटीत वाढला. लोक तोंड लपवून हसत होते. तेवढ्यात धूर पाहून मागच्या गल्लीतला एक मिस्त्री आला. "हमारे यहाँ यही लिट्टी है, भाऊजी," म्हणत त्यानं विस्तव पसरला, उरलेल्या कणकेचे रोडगे भाजले आणि सगळ्यांना पोटभर खाऊ घातले. मी खूश होऊन त्यालाच मत मागितलं. तो लाजून म्हणाला, "आप हमारी गली में आए नहीं, तो हम खुद ही खड़े हो गए." निवडूनही तोच आला, आणि आज मी त्यानंच भांडून आणलेल्या रस्त्यावर ऐटीत फिरतो. निकालाच्या दिवशी मात्र मी बायकोपाशी कुरकुरलो, "पुढच्या गल्ल्यायतून त्याले मतं देली कोनं वं?" ती म्हणाली, "बाकीच्यायचं मले माहीत नाही. एक माहं होतं. तुमचा पहिला रोडगा मी बी खाल्ला होता ना!"