नुसती बसायची

आमच्या गल्लीत तिला सगळे काचवाली म्हणतात. नवऱ्याचं फोटो फ्रेमचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून, मधे फक्त प्लायवूडची भिंत. त्यामुळे तिच्या संसारातलं बरंचसं मी न विचारताच ऐकलेलं आहे. काच कापायची ती, पट्ट्यांचे कोपरे जुळवायची ती, मागचा पुठ्ठा ठोकायची ती. फ्रेमवाला पुढे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी जगभरच्या गप्पा हाणायचा. कुणी विचारलंच, "वहिनी पण मदत करतात वाटतं?" तर हसून म्हणायचा, "छे हो, घरी करमत नाही म्हणून येते. नुसती बसून असते." हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. ती मात्र कधी उलटून बोलली नाही.

काचेवर रेघ एकदाच ओढायची, पुन्हा गिरवली की काच वाट्टेल तशी फुटते, असं ती मला सांगायची. तिचा स्वभावही तोच होता. बोलायची कमी, पण बोललेलं मागे घ्यायची नाही.

मग एक बाई वडिलांचा फोटो फ्रेम करायला आली आणि फ्रेमवाल्यालाच घेऊन गेली. गल्लीने हा विनोद पुरवून पुरवून चघळला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, कारण त्याच आठवड्यात त्याने दुकानाचं कुलूप बदललं आणि हिच्या हातात घटस्फोटाची नोटीस पडली. ती भावाकडे राहायला गेली. भाऊ बोलायला चांगला, पण घर लहान. पॅसेजमध्ये तिची गादी, आणि सकाळी ती गुंडाळायला जरा उशीर झाला की वहिनी भांडी आपटायची.

वकीलबाईंकडे मीच तिला घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "पोटगी ही भीक नाही आणि बक्षीसही नाही. कोर्ट दोन गोष्टी बघतं. त्याला किती झेपतं, आणि तुला नीट जगायला किती कमी पडतं. केस चालू असेपर्यंत तात्पुरती, निकाल लागला की कायमची. कायमची म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. उद्या परिस्थिती बदलली, तर दोघांपैकी कुणीही अर्ज करून कमी-जास्त मागू शकतं."

आमच्या अर्जावर त्याचं उत्तर आलं ते त्यांनी मोठ्याने वाचलं. 'अर्जदार ही अत्यंत कुशल कारागीर असून दुकानातील सर्व काम तीच करीत असे. सबब ती स्वतः कमावू शकते व पोटगीस पात्र नाही.'

मी ताडकन उठले. वर्षानुवर्षं हिला काय येतं, हिला काय येतं, आणि खिशात हात घालायची वेळ आली तशी एकदम कुशल कारागीर? लाज कशी वाटत नाही या माणसाला?

ती मात्र शांत होती. "परत वाचा ना," एवढंच म्हणाली. वकीलबाईंनी परत वाचलं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला बघवेना. बाई खूश झाली होती. मला तिचासुद्धा राग आला.

बाहेर तिचा भाऊ थांबला होता. सगळं ऐकून त्याने बजावलं, "कोर्टात म्हणायचं, मला काही येत नाही. कळलं? एवढं एकच वाक्य."

"पण मला येतं, दादा."

"मग राहा पॅसेजमध्ये."

वकीलबाई खोटं बोल म्हणाल्या नाहीत. पण काम येतं असं सांगितलंस तर रक्कम घटेल, कदाचित मिळणारही नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तारखेला त्याच्या वकिलाने पहिलाच प्रश्न टाकला, "काच कापता येते?"

"येते."

शेजारी भावाने कपाळावर हात मारला.

"फ्रेम करता येते?"

"येते. दुकानातलं सगळं काम मीच करायचे."

"मग कमवा की."

"कुठे? हत्यारं त्याच्याकडे, दुकान त्याचं, पाटीवर नाव त्याचं. दुसऱ्या दुकानदाराकडे गेले तर तो त्याला फोन करून विचारतो, ही खरंच काम करायची का. पुढे काय उत्तर मिळतं ते मला माहीत आहे."

नंतर फ्रेमवाला पिंजऱ्यात उभा राहिला. मागच्या बाकावर ती नवी बाई, तिच्या शेजारी गल्लीतले दोन दुकानदार. वकीलबाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं, "म्हणजे दुकान चाललं ते हिच्या हातांवर. तुम्हाला स्वतःला काच कापता येत नाही, बरोबर?"

त्याचा वकील मान हलवून हो म्हण, हो म्हण असं सुचवत होता. नुसतं हो म्हणायचं होतं, एक छदाम द्यावा लागला नसता. पण त्याने मागच्या बाकाकडे पाहिलं आणि त्याचं तोंड लाल झालं.

"येत नाही म्हणजे? दुकान माझं आहे. सगळं मीच करतो. ती नुसती बसायची."

"आणि उत्तरात लिहिलंय ते?"

"ते वकिलांनी लिहिलंय."

त्याच्या वकिलाने फाइल मिटली.

पोटगी मंजूर झाली, आणि चांगली झाली. दुकानाची सगळी कमाई त्याची एकट्याची हे त्यानेच कबूल केलं होतं, आणि ती कमावू शकते हा स्वतःचाच मुद्दाही त्यानेच खोडला होता. भावाने सगळ्यांना चहा पाजला. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला मेल्याने, म्हणून मीही दोन कप प्याले.

काचवालीने कप तोंडाला लावला नाही. "वकीलबाई, निकालातलं एक वाक्य काढून टाकता येईल?"

"कोणतं?"

"अर्जदारास कोणतेही काम येत असल्याचे सिद्ध होत नाही, ते."

"अगं, त्याच वाक्यावर तर जिंकलीस. जिंकलेल्या निकालाविरुद्ध कुणी अपील करतं का?"

इतक्या वर्षांत तिला संतापलेली मी पहिल्यांदा पाहिली. "ताई," ती मला म्हणाली, "हे माझ्या कामाचे पैसे नाहीत. नुसती बसले, त्याचे आहेत." चहा एकदम कडू लागला.

पहिला हप्ता आला तशी तिने एक खोली भाड्याने घेतली. दुसऱ्या हप्त्यात काच कापायचं हत्यार आणि करवत आणली, आणि माझ्या दुकानाच्या मागच्या भागात टेबल टाकलं. पाटी लावली त्याच दुपारी भाऊ धापा टाकत आला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तू कमवतेस हे कळलं की तो लगेच अर्ज करेल, पोटगी कमी करा म्हणून."

तिने काचेवर पट्टी ठेवली. वर बघितलंसुद्धा नाही.

"करू दे की. पिंजऱ्यात उभं राहून त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, हिला काम येतं."